रविवार, दहा ते एक

३ मार्च, रविवार

हॉस्पिटलच्या लाँड्रीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा मुख्य म्हणून. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ दिलं, ते चार महिन्यांत बंद पडलं. मी स्वतः कपाटातून एक कोरी नोंदवही उचलून आणली होती, ती अजून ठणठणीत आहे. आजपासून तिच्यात लिहिणार, कारण मुलाकडे राहायला आल्यापासून दीड वर्षात पहिल्यांदाच या घराने माझ्यावर काहीतरी सोपवलं आहे.

सकाळी मुलगा चहा ढवळत होता. साखर केव्हाच विरघळली होती, तरी ढवळतच होता.

"आई, दर रविवारी मुलांना मोठ्या बागेत नेशील का? दहा ते एक. आम्हा दोघांना तेव्हा जरा काम असतं."

"रविवारी कसलं काम?"

"असतं गं."

सून खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बघत होती. तिकडे बघण्यासारखं काही नाही, मी रोज बघते.

मुलगा चष्मे विकतो. रविवारी दुकान बंद. सून पालिकेत नकाशे काढते. रविवारी कुठलाही रस्ता जागचा हलत नाही. म्हणजे दोघांना तीन तास लोळायचंय. लोळा म्हणावं. आम्ही काय, आहोतच.

नात नऊ वर्षांची. प्रत्येक वाक्याला "पण का?" विचारते, म्हणून घरात तिला वकील म्हणतात. नातू पाच वर्षांचा, गोल, आणि सदैव कुठेतरी घरंगळलेला. तो गोटी. दोघांना इस्त्रीचे कपडे चढवले, पिशवीत दोन जोड जादा, दोन टॉवेल, साबणाची वडी, उकडलेली अंडी. बाग एवढी मोठी आहे की पूर्वेच्या फाटकातून आत गेलेलं मूल पश्चिमेच्या फाटकातून लग्नाचं होऊन बाहेर पडावं. तळं आहे, काचघर आहे, बँडचा जुना चौथरा आहे, घसरगुंडी आहे. आज नवी पालवी होती म्हणे. मला वर बघायला सवड कुठे? खाली दोघांचे गुडघे होते.

गवताचे डाग चार. चारही निघाले.

१० मार्च, रविवार

मुलांना घसरगुंडीच्या शिस्तीबद्दल सांगत होते, तेवढ्यात मागून हाक, "अहो विहीणबाई!"

सुनेचे वडील. चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्त. डोक्यावर टोपी, खिशात दोरा, नट, स्प्रिंगा आणि शेंगदाणे, सगळं एकत्र. मुलं माझे हात सोडून त्यांच्या अंगावर धावली.

"तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

"सहज. रविवार आहे, पाय मोकळे करायला."

त्यांचं घर बागेपासून तीन बस लांब आहे. एवढे पाय मोकळे कुणी करत नाही. माझ्यावर विश्वास नाही म्हणून लेकीने पहारा बसवलाय, हे न कळायला मी काही दूधखुळी नाही. मी हसून "या ना" म्हटलं. एकतीस वर्षं डॉक्टरांशी असंच बोलले आहे.

त्यांनी गोटीला खिशातले शेंगदाणे दिले. ग्रीसचा वास येत होता. गोटीने सगळे खाल्ले.

१७ एप्रिल, बुधवार

मुलगा महिनाभर हॉलमध्ये सोफ्यावर झोपतोय. विचारलं तर म्हणाला, "पाठ." दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा बसवत वाकायचं म्हणजे पाठ जाणारच. त्यात त्यांच्या पलंगाची गादी मऊ, सुनेच्या पसंतीची. मी कुणाला न विचारता चांगली कडक गादी मागवली. आज आली. सुनेने गादीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि हसायलाच लागली. मग बाथरूममध्ये बराच वेळ नळ चालू होता. पाणी असं वाया जातं हे या मुलीला कधी कळणार?

मुलगा आजही सोफ्यावरच. नव्या गादीची सवय व्हायला वेळ लागतो.

आणखी एक. सुनेचा कोट धुतला. खिशात कागदाचा लगदा निघाला, शाई अस्तरभर पसरलेली. लिंबू, मीठ, दोनदा ऊन. डाग पूर्ण गेला. कागद वाळवून, इस्त्री करून तिच्या टेबलावर ठेवला. न जाणो, कामाचा असला तर. अक्षर एक उरलं नव्हतं. आभार कुणी मानले नाहीत. ते मी धरूनच चालले होते.

१९ मे, रविवार

ऊन असं की बाकावर बसलं तर उठताना बाक बरोबर यावा. सगळं शहर तळ्याभोवती. एक बाप आपल्या मुलीला पाचव्यांदा घसरगुंडीवरून सोडत होता, कारण चारदा फोटो हलला होता. पाचव्यांदा मुलगी रडली. "हं, हा मस्त आला!" म्हणाला.

गोटी कारंज्यात उतरला. बुटांसकट. मी फक्त "बाहेर!" म्हटलं, पण काठावरची आणखी तीन अनोळखी मुलं निमूट बाहेर आली. गोटी मात्र उभाच.

"उतरू द्या हो," व्याही म्हणाले. "पाणीच आहे."

"ते पाणी नाही, शेवाळ आहे. हिरवा डाग उन्हात पिवळा पडतो आणि मग कायमचा बसतो."

"डाग बसेल. पोरगं उठेल." असं म्हणून या माणसाने स्वतःचे बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कारंज्यात गेला. वय वर्षं अडुसष्ट. लोक बघत होते. मी पाठ फिरवून बसले, म्हणजे आम्ही एकत्र आलोत असं कुणाला वाटायला नको.

वकील पाण्यात गेली नाही. माझ्याशेजारी बसून पाय हलवत होती.

"आजी, समजा एका मुलीची दोन घरं असली, तर तिचा आवडता फ्रॉक कुठल्या घरी धुवायचा?"

"शाळेतलं गणित आहे का?"

"नाही."

"ज्या घरी मळला त्या घरी. डाग वाळू द्यायचा नसतो."

तिने मान डोलावली. हुशार आहे पोर. असले व्यावहारिक प्रश्न या वयात कोण विचारतं?

१४ जुलै, रविवार

आठवडाभर पाऊस. शहाणी माणसं घरी बसतात. पण मुलगा सकाळीच छत्र्या काढून दारात. "आई, दहा वाजले." जणू बाग निघून जाणार होती.

सगळ्या मुलांसकट सगळे पालक काचघरात. काचेवर वाफ, आत ओल्या मोज्यांचा वास. एक बाई बारा मुलांचा वर्ग घेत होत्या. कसला, तर मुक्त खेळाचा. मुलांना खेळू कसं द्यायचं हे त्या पालकांना शिकवतात, आणि पालक त्यासाठी नाव नोंदवतात. गोटीला मी कुंडीतल्या चिखलातून ओढत होते, तर त्या माझ्याकडे वळून हळुवार म्हणाल्या, "आजी, त्याला चिखलाशी संवाद साधू द्या ना."

"मी एकतीस वर्षं साधलाय," म्हटलं. "चिखल फक्त गरम पाणी आणि सोड्याचं ऐकतो."

व्याही एवढे हसले की टोपी पडली. हसणं मात्र चांगलं आहे माणसाचं.

वकील कोपऱ्यात चित्र काढत होती. आईसारखी नकाशा काढते, रस्त्यांना दोन-दोन रेघा. एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला घर, मध्ये बाग. मी म्हटलं, "हे दुसरं घर कुणाचं? आजोबांचं?"

तिने व्याहींकडे बघितलं. व्याहींनी तळ्याकडे बघितलं; तळं तिथून दिसत नाही.

"अजून ठरलं नाही," ती म्हणाली.

मी सांगितलं, आधी ठरवावं, मग काढावं. खाडाखोड वाचते.

११ सप्टेंबर, बुधवार

सुनेच्या उशीच्या अभ्र्यावर रोज पांढरट कडा. मीठ. घामाची म्हणावी तर हवा गार झालीय. एवढं मीठ अंगातून जाणं बरं नाही. मी तिच्या ताटात मीठ कमी वाढायला सुरुवात केली आहे.

आज तिने चमच्यांसाठी वरचा ड्रॉवर उघडला. मला येऊन दोन वर्षं झाली, आल्या आल्याच मी चमचे खाली हलवले, कारण वर ओल लागते. अजून लक्षात नाही. सगळ्या शहराचे रस्ते पाठ, आणि स्वतःच्या घरातला चमचा सापडत नाही. ड्रॉवर बंद केला आणि चहा बोटाने ढवळला. माझ्यासमोर. उकळता चहा.

मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "आई, प्लीज." एवढंच. लहानपणी हा मुलगा सलग बोलायचा.

२० ऑक्टोबर, रविवार

आज नोंद करायलाच हवी.

बागेत पानगळ. रस्ते दिसत नाहीत, सगळीकडे पिवळा-तांबडा कचरा आणि त्यात उड्या मारणारी माणसांची पोरं. ओल्या पानाचा डाग तपकिरी, चहाचा भाऊ. मी बाकावर व्याहींना मोकळेपणाने सांगितलं की तुमच्या मुलीला घर म्हणजे खाणावळ वाटते. येते, जेवते, खोलीत जाते. माझ्याशी चार शब्द बोलत नाही.

"विहीणबाई, मुलं जवळ आहेत."

"ऐकू देत. खरं बोलायला मी भीत नाही. माझ्या मुलाची पाठ गेली, तो वाळला, आणि तुमची लेक..."

"पाठ!" ते असे ओरडले की कबुतरं उडाली. आठ महिन्यांत मी त्यांचा चढा आवाज ऐकला नव्हता. "अहो, घर तिचंच होतं. तुम्ही येईपर्यंत!"

मी पिशवी उचलली. मुलांना घेऊन निघायला मागे वळले, तर पानांच्या ढिगाजवळ कुणी नव्हतं.

पहिली पाच मिनिटं मी हाका मारल्या, रागाने. पुढची दहा वेगळ्या आवाजात. तळ्याकडे बघायचं नाही असं ठरवून तळ्याकडेच बघत होते. व्याही काठाकाठाने पळत होते, टोपी हातात. फाटकावरच्या रखवालदाराने वही काढली. "कपड्यांचा रंग सांगा."

ते कपडे मी काल धुतले होते, सकाळी इस्त्री केले होते, बटणं मी लावली होती. मला रंग आठवेना. लाखो चादरींचा शिक्का ओळखणारी बाई.

"मुलीचा पिवळा स्वेटर, कोपराला ठिगळ," व्याही धापा टाकत म्हणाले. "पोराची निळी विजार. उजव्या खिशात माझी स्प्रिंग आहे."

चाळीस मिनिटांनी सापडली. बँडच्या चौथऱ्याखाली एक फळी निखळली आहे, तिथून आत सरपटून दोघं अंधारात गुडघे जवळ घेऊन बसली होती. व्याही पोटावर आडवे झाले, मीही झाले. चिखलात. साडीसकट.

"वकील! हरवला होतात ना!"

"आम्ही हरवलो नव्हतो," आतून आवाज आला. "आम्ही ऐकत नव्हतो."

"म्हणजे?"

"घरी आई-बाबांचं भांडण ऐकायला लागू नये म्हणून आम्हाला इथे पाठवतात. आता तुम्ही इथेही भांडता. मग आम्ही कुठे जायचं?"

"तुझे आई-बाबा कुठे भांडतात? ते तर रविवारी..."

"रविवारी ते एका बाईंकडे जातात. समोरासमोर बसून बोलायला शिकायला. घरी आल्यावर आई तोंड धुते, मग तू आम्हाला घेऊन येतेस."

"बाईंकडे काचेच्या पेटीत मासे आहेत," गोटी म्हणाला.

"तुला कुणी सांगितलं?"

"मला सगळे सांगतात. आजीला सांगायचं नाही, असंपण सांगतात."

मुलं बाहेर आली. व्याहींनी त्यांना अंडी सोलायला बसवलं. मी विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"मार्चपासून. लेक म्हणाली, बाबा, तुम्हीही जात जा, मुलांना दोघं हवेत. पहारा नव्हता तो."

"आणि कारण काय?"

"त्यांची त्यांची आहेत. दोघांनाही बोलता येत नाही. साचतं."

"आणि?"

"आणि काय? नका विचारू."

"विचारलंय."

त्यांनी टोपीवरचं पान झटकलं. "एक कारण तुम्ही आहात, विहीणबाई. सगळ्यात मोठं नाही. पण आहात."

हा माणूस अत्यंत उद्धट आहे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

साडी तशीच बादलीत. डाग वाळला.

१७ नोव्हेंबर, रविवार

जवळजवळ महिनाभर लिहिलं नाही. चार रविवार बागेत जाऊन आलो. व्याहींशी हवामानाखेरीज बोलले नाही. हवामान गारठतंय, हे दर वेळी दोघांनी मान्य केलं.

मनात रोज खटला चालवला आणि रोज मी निर्दोष सुटले. न्यायाधीशही मीच होते, ते सोयीचं पडतं. मी काय केलं? धुतलं. वाळवलं. घड्या घातल्या. कुणाच्या ताटात विष तर नाही कालवलं. मग आठवलं, मी तिच्या ताटातलं मीठ कमी केलं होतं. उशीवरचं मीठ कसलं ते आत्ता कळलं, इतक्या उशिरा. डागांत आयुष्य गेलं माझं.

आज सकाळी चमचे वरच्या ड्रॉवरमध्ये परत ठेवायला घेतले, पण पूर्वी कसे होते ते आठवेना. वकीलला विचारलं. तिने कागदावर ड्रॉवरचा नकाशा काढून दिला. पोरीला दोन वर्षांपूर्वीचं सगळं पाठ.

आज आम्ही परतल्यावर सून स्वयंपाकघरात आली आणि आताशा शिकल्याप्रमाणे खालचा ड्रॉवर उघडला. रिकामा. मग वरचा उघडला. एक चमचा उचलून परत जागेवर ठेवला.

"मी हलवले," म्हटलं. "म्हणजे परत."

"दिसलं."

"वकीलने सांगितलं मला. सगळं."

ती खुर्चीवर बसली. इतकी थकलेली बाई मी वॉर्डात पाहिली असती तर डॉक्टरला हाक मारली असती. घरात पाहिली, आणि चुकाच मोजत बसले.

"आई, तुम्ही वाईट नाही आहात," ती म्हणाली. "वाईट असता तर सोपं गेलं असतं. भांडले असते. पण मी माझ्याच घरात पाहुणी झाले, आणि तुम्ही इतकं करत होतात की तक्रार कुठल्या तोंडाने करू?"

"मी तुझे कपडे धुतले."

"हो. एप्रिलमध्ये माझा कोट धुतलात."

"शाई काढली होती. पूर्ण."

"ते पत्र होतं. त्याने लिहिलेलं. त्याला बोलता येत नाही, तुम्हाला माहितीय. त्या बाईंनी सांगितलं, मग लिहा. अकरा वर्षांत पहिल्यांदा लिहिलं त्याने मला, आणि माझ्या खिशात ठेवलं. मी वाचायच्या आधी तुम्ही ते धुतलंत." ती हसली, गादी आली त्या दिवशी हसली होती तसंच. "आणि इस्त्री करून दिलंत."

"मग त्याने पुन्हा..."

"नाही. मी विचारलं. पत्र धुतलं गेलं हे न सांगता, नुसतं, काही सांगायचंय का? म्हणाला, जाऊ दे."

चहा केला. तिने घेतला. त्याहून अधिक लिहिण्यासारखं काही झालं नाही. मी "चुकलं" म्हटलं की नाही, ते मला आठवत नाही. मनात म्हटलं असेल. मनातलं ऐकू जात नाही, हे या घरात सगळ्यांनी एकमेकांकडून शिकून घेतलंय.

१ डिसेंबर, रविवार

दुपारी जेवणं झाल्यावर मी जाहीर केलं की मी वेगळी राहणार. बागेच्या पूर्वेच्या फाटकासमोर एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांची मागची खोली रिकामी आहे. बोलून मी थांबले. अशा वेळी माणसं "छे छे, भलतंच काय" म्हणतात. मी दोन मिनिटं जागा ठेवली.

मुलगा टेबलक्लॉथची घडी बोटाने सरळ करत होता. सून म्हणाली, "खोलीला खिडकी आहे ना?"

"आहे."

"मग छान."

गोटी म्हणाला, "तुझा पलंग मला?"

शुक्रवारी जाते आहे.

२२ डिसेंबर, रविवार

माझी खोली दहा फूट बाय बारा. खिडकीतून फाटक दिसतं. चमचे दोन आहेत, हवे तिथे असतात, कधी कधी उशीखालीही. हॉस्पिटलच्या कँटीनमधलीच शिस्त बरी होती.

सकाळी धुकं इतकं की तळं नाहीसं झालेलं. बागेत आम्ही चौघं, बदकं आणि एक तरुण बाप, जो बाळाला हवा दाखवायला आणून स्वतः बाकावर झोपला होता. मुलांना धुकं फार आवडलं. दहा पावलं जायचं, दिसेनासं व्हायचं आणि ओरडायचं, "आहे!" मी दर वेळी "आहे का?" विचारत होते. ऑक्टोबरपासून माझं तेच चाललंय.

व्याहींनी थर्मासमधून सूप आणलं होतं. झाकणात मला दिलं, स्वतः थर्मासच्या तोंडाने प्यायले. मग म्हणाले, "त्यांचं ठरलं, विहीणबाई. जानेवारीत वेगळे होतायत."

"पण मी निघाले ना घरातून!"

"हो."

"मग?"

"मग काय? तुम्ही निघालात म्हणजे सगळं जागेवर येणार होतं का? तुम्ही राहूनही मध्ये आणि जाऊनही मध्येच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "लिफ्ट अडकली की आतली माणसं दार ओढतात. वाटतं, आपण जोर लावला की सुटेल. बहुतेक वेळा बिघाड वर मोटरमध्ये असतो."

"म्हणजे माझं काहीच चुकलं नाही?"

"असं कुठे म्हटलं मी? दार तुम्ही चांगलंच वाकवलंत."

सूप गरम होतं. रागवायला नंतर आठवलं.

१५ जानेवारी, बुधवार

संध्याकाळी पाचला दार वाजलं. मुलगा. हातात बॅग, खांद्यावर कोट, दाढी वाढलेली.

"आई, काही दिवस इथे राहू?"

खरं लिहायचं तर मला आनंद झाला. लाज वाटली, पण झाला. मुलगा परत आला. मी उठून त्याचा शर्ट बघितला, तीन दिवसांचा. कॉलरला काळी रेघ. हात आपोआप पुढे गेला.

मग तो माझ्या खाटेवर बसला आणि चपला न काढताच भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस. त्याने मला विचारलं नाही की ही खाट एकच आहे का, मी कुठे झोपणार. त्याला ठाऊक होतं, आई बघेल. हे त्याला कुणी शिकवलं, ते या खोलीत दुसरं कुणी नसल्यामुळे उघड होतं.

"ऊठ," मी म्हटलं.

"काय?"

"चार दिवस. जमिनीवर झोपायचं. चार दिवसांत मुलांच्या शाळेजवळ जागा बघायची, दोन खोल्यांची. मुलं अर्धा आठवडा तुझ्याकडे असणार ना?"

"आई, मला स्वयंपाक येत नाही. मुलांचं कसं करणार मी?"

"गोटीला कुठल्या हाताने घास घेतात ते अजून कळत नाही, तरी जेवतो."

"तू येशील ना रोज?"

हा प्रश्न ऐकायला मी दोन वर्षं त्या घरात थांबले होते. "नाही," म्हटलं. माझ्याच कानाला खोटं वाटलं. बरोबर असावं. "आणि तिला जे पत्रात लिहिलं होतंस ते जाऊन सांग."

"आता काय उपयोग?"

"उपयोगासाठी नाही. तिचं होतं ते. मी धुतलं."

तो खाटेवरून उठला. त्याला हे माहीतच नव्हतं. त्याला वाटत होतं, तिने वाचलं आणि उत्तर दिलं नाही. नऊ महिने तो उत्तराची वाट बघत होता आणि ती पत्राची. दोघं एकाच टेबलावर जेवत होते.

कोट न घेता तसाच गेला. तासाभराने आला, डोळे लाल. काय झालं विचारलं नाही. जीभ चावून धरली. तो म्हणाला, "सांगितलं." मग म्हणाला, "उशीर झाला होता. पण ती म्हणाली, बरं झालं सांगितलंस." आणि जमिनीवर चादर टाकायला लागला. उलटी टाकली.

२३ फेब्रुवारी, रविवार

मुलाला जागा मिळाली. आज पहिल्यांदा तो एकटा मुलांना बागेत नेणार होता. वकीलने मला आणि व्याहींना फोनवर ताकीद दिली, "तुम्ही दोघांनी यायचं नाही. बाबांना सवय व्हायला हवी." दोघांनी कबूल केलं. शब्द म्हणजे शब्द.

सव्वादहाला मी काचघरामागून चालले होते, निव्वळ वेगळ्या कामासाठी. होड्यांच्या शेडमागे कुणीतरी वाकून उभं होतं. टोपी.

"तुम्ही इथे कसे?" मी विचारलं.

"सहज. पाय मोकळे करायला."

दोघं मिळून शेडच्या फटीतून बघू लागलो. एकूण वय एकशे चौतीस.

मुलाने पिशवी आणली नव्हती. जादा कपडे नाहीत, टॉवेल नाही. वकील त्याला काहीतरी समजावत होती, तो मान डोलावत होता आणि गोटी काठावरच्या दगडावर चढत होता. मला तो दगड माहीत आहे. त्यावर बारा महिने शेवाळ असतं. मी तोंड उघडेपर्यंत गोटी पाण्यात. गुडघ्याएवढंच पाणी, पण पडला तो बसूनच पडला, आणि हवा अजून गार. भोकाड पसरलं. आजूबाजूचे पालक वळून बघायला लागले. एकीने तर फोन वर केला.

मी शेडच्या बाहेर पाऊल टाकलं. माझ्या पिशवीत विजार होती. टॉवेल होता. घरातून निघताना मी हे का घेतलं, ते विचारू नये.

"विहीणबाई," व्याही हळू म्हणाले, "बसा."

"तो काकडतोय."

"त्याचा बाप तिथे आहे."

"त्याला काही सुचत नाहीये, बघा कसा उभा आहे!"

"सुचेल. नाही सुचलं तर मीच तुम्हाला ढकलतो. बसा जरा."

शेडमागे एक उलटी होडी होती. तिच्यावर बसले. आयुष्यात एवढं कष्टाचं काम केलं नाही.

मुलगा दोन क्षण खरंच नुसता उभा राहिला. मग बुटांसकट पाण्यात शिरला, गोटीला उचलून बाहेर आणलं, भर रस्त्यात त्याची विजार काढली आणि स्वतःचा पांढरा लोकरी स्वेटर काढून त्याला पायांकडून चढवला. बाह्यांत पाय. गोटीचं रडणं थांबलं. तो खाली बघू लागला, मग आपल्या लोंबत्या बाह्या हलवून दाखवायला लागला, आणि वकील हसत हसत गवतावर बसली. मुलगाही हसला. शर्टावर कुडकुडत, मोठ्याने. तो असा हसतो हे मी विसरले होते.

तळ्याचं पाणी पांढऱ्या लोकरीला लागलं तर ताबडतोब गार पाण्यात बुडवायचं असतं. गरम लावलं की संपलं. तो गरमच लावणार, आणि पुढच्या रविवारी तो स्वेटर गोटीलाच बसेल.

मी सांगायला गेले नाही. व्याहींनी शेंगदाणे पुढे केले. खाल्ले.